वीट लाल कशी होते?

(संस्थेच्या बालवाडी सेविका व मदतनीस यांच्या वार्षिक प्रशिक्षण शिबिरात, कल्याण येथे केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली काही पुनरुक्ती काढली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'बालवाडीची गुणवत्ता' असा विषय छापला आहे. विषय मोठा आहे आणि मला दिलेली वेळ चाळीस मिनिटं. म्हणून मी त्यातलं एकच बोलणार आहे. मूल प्रश्न विचारतं तेव्हा आपण काय करतो, एवढंच. आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे, कारण ती चूक याच कामात, आपल्याच बालवाडीत झाली.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी या कामात नवीन होते. टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या बाजूला एका वीटभट्टीवर आपण बालवाडी सुरू केली होती. चार बांबू, वर ताडपत्री, खाली गोणपाट. मुलं बहुतेक कातकऱ्यांची. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कुटुंबं बयाणा घेऊन भट्टीवर येतात, कच्च्या विटांचा आणि पेंढ्याचा भोंगा उभा करतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच राहतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. मी डोंबिवलीहून दोन तक्ते विकत नेले होते. एक मुळाक्षरांचा, एक रंगांचा. रंगांच्या तक्त्यावर लाल रंगापुढे सफरचंद होतं. त्या गोणपाटावर बसलेल्या मुलांपैकी किती जणांनी सफरचंद खाल्लं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

मी म्हणायचे, "लाल," मुलं म्हणायची, "लाल." असं चाललेलं असताना एक मुलगी उठून उभी राहिली. पाच-सहा वर्षांची असेल, कडेवर धाकटा भाऊ. तिने तिच्या बोलीत विचारलं की आम्ही थापतो ती वीट काळी असते, मग भट्टीतून निघते ती लाल कशी होते?

मी काय म्हटलं असेल? तुम्ही ओळखलं असेलच. "हाताची घडी, तोंडावर बोट."

मी तिला रागावले नाही, मारलं नाही. हसूनच म्हटलं. नाताळ जवळ आला होता, पाहुणे यायचे होते, मुलांकडून अभिनयगीत बसवून घ्यायचं होतं आणि रंग अजून पाठ झाले नव्हते. ती बसली. गाणंही छान म्हटलं तिने. पाहुण्यांनी फोटो काढले आणि त्यातला एक आपल्या या त्रैमासिकात छापूनही आला. तो अंक अजून माझ्याकडे आहे. तिच्या दोन्ही हातांची घडी आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघते आहे. त्या हंगामात तिने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. पावसाच्या आधी कुटुंब गेलं, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुठल्या भट्टीवर गेलं असावं. मला ती परत भेटली नाही.

आणखी एक कबूल करते. मी तिला गप्प केलं ते केवळ वेळ नव्हता म्हणून नव्हे. मला उत्तर येत नव्हतं. शाळेत, कॉलेजात, पुढे धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाला मी कितीतरी परीक्षा दिल्या, पण माझ्या घराच्या भिंतीतली वीट लाल का आहे हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्या पोरीला वाटलं.

दोन वर्षांनी अशाच दुसऱ्या एका भट्टीवर आपल्या एका सेविकाताईंसमोर जवळजवळ हाच प्रश्न आला. त्या इथे बसल्या आहेत, पण नाव घेऊ नका म्हणाल्या आहेत. त्यांनाही उत्तर येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत रे. आपण बघू या." एवढंच म्हटलं त्यांनी. मग एक घमेलं पाण्याने भरलं. एक कच्ची वाळलेली वीट आणि एक पक्की वीट मुलांना हातात घेऊन बघायला दिली. जड कुठली, गुळगुळीत कुठली, नखाने कुठली खरवडते. नंतर विचारलं, पाण्यात टाकल्यावर काय होईल? प्रत्येकाने आपापलं सांगितलं. दोन्ही बुडतील. कच्ची तरंगेल. एक जण म्हणाला, पक्की गरम होईल, कारण तिच्यात आग आहे. ताई हसल्या नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी दोन्ही विटा पाण्यात सोडल्या. दोन्हीतून बुडबुडे यायला लागले. "पाणी पिते, पाणी पिते," म्हणून पोरं ओरडायला लागली. दुपारी घमेल्यात बघितलं तर कच्ची विटेचा चिखल होत आला होता आणि पक्की तशीच्या तशी.

मग एक मुलगा म्हणाला, पक्कीसुद्धा पाणी प्याली, मग ती का नाही विरघळली? म्हणजे एका प्रश्नाचे दोन झाले. ताईंनी मुलांना भट्टी रचणाऱ्या काकांकडे नेलं. ते काका कधी शाळेत गेले नव्हते. त्यांनी पोरांना निवलेल्या भट्टीच्या कडेच्या विटा दाखवल्या, जिथे आच नीट पोचलेली नसते त्या फिक्या आणि ठिसूळ. मग जास्त जळून काळपट पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मधल्या चांगल्या लाल, हाताने ठोकल्यावर खणखणीत वाजणाऱ्या. मुलं अर्धा तास विटा वाजवत होती.

याचं शास्त्र मी नंतर वाचलं. मातीत लोह असतं. भट्टीच्या आचेत त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि माती लाल होते. लोखंडाला गंज चढतो त्याच जातीची ही गोष्ट. आणि आचेने मातीचे कण एकमेकांना असे धरून ठेवतात की पाणी आत शिरलं तरी ते सुटत नाहीत. हे चार वर्षांच्या मुलाला सांगायची गरज नाही. त्याने पाहिलं, हात लावला, अंदाज बांधला, अंदाज चुकला, दुसरा बांधला. त्या दोन दिवसांत लाल, काळी, फिकी, कच्ची, पक्की, जड, हलकी हे सगळे शब्द त्यांच्या तोंडी आले. माझा सफरचंदाचा तक्ता मी महिनाभर चालवला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे कुठून आणलं, हे तर मोठ्या शाळांचं फॅड आहे. ठाण्यातल्या, मुंबईतल्या महागड्या नर्सरींची माहितीपत्रकं तुम्ही पाहिली असतील. मुलाच्या कुतूहलातून शिक्षण, शोधातून शिक्षण, असं गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं आणि फी वाचून डोळे पांढरे होतात. पण ही पद्धत आली कुठून ते बघा. मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये काढलं ते सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून उंडारणाऱ्या मुलांसाठी. इटलीतच रेज्जो एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात, दुसरं महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये, शेतकरी-कामकरी पालकांनी पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून मुलांची शाळा बांधली. माहितीपत्रकात 'रेज्जो' म्हणून मिरवतात ते हे. गरिबांच्या दारात सुरू झालेली गोष्ट श्रीमंतांच्या दुकानात गेली, आणि आपण गरिबांसाठी काम करणारी माणसं तिला फॅड म्हणून हात लावत नाही.

पण इटलीला जायचीही गरज नाही. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आपल्या ठाणे जिल्ह्यात आल्या. आज पालघर जिल्हा वेगळा आहे, तो २०१४ मध्ये झाला. तेव्हा डहाणू तालुका ठाण्यातच होता, आणि त्याच तालुक्यातल्या बोर्डीला ताराबाईंनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्या काही नवशिक्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्या होत्या, दादरला शिशुविहार चालवलं होतं. गिजुभाई मूळचे वकील, वकिली सोडून मुलांत रमले. मोठ्या मिशांचे ते गृहस्थ मुलांना इतके जवळचे वाटले की लोक त्यांना 'मिशांवाली आई' म्हणत. ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, थोड्याच महिन्यांत वैधव्य, पुढे जिद्दीने शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुढचं सगळं आयुष्य, १९९२ पर्यंत, त्यांनी याच भागात घालवलं.

या दोघींचं कौतुक आपण नेहमी त्यागासाठी करतो. मला आज वेगळ्या गोष्टीसाठी करायचं आहे. बालवाडी काढली आणि दलित वस्तीतली मुलं येईनात. आपल्याकडे असं झालं की आपण अहवालात काय लिहितो? 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी उदासीनता.' हे वाक्य मी स्वतः किती अहवालांत लिहिलं असेल त्याची गणती नाही. त्या दोघींनी मुलं का येत नाहीत याचा शोध घेतला. मूल येत नाही तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आज सरकारच्या ज्या योजनेत आपल्यातल्या कितीतरी जणींच्या बहिणी, जावा काम करतात, ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या केंद्राला देशभर जो शब्द वापरतात, तो बोर्डीच्या वस्तीत तीस वर्षं आधी कामाला लागला होता.

पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली पाड्यांत. तिथे पुन्हा तेच. मोठी मुलं शाळेत का येत नाहीत? गुरं राखायला जातात म्हणून. मग शाळा गुरांच्या मागे कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणाले. मोठी बहीण का येत नाही? कडेवर लहान भाऊ आहे म्हणून. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. माझ्या भट्टीवरची ती मुलगी आठवा, कडेवर भाऊ असलेली. मी तो भाऊ रोज पाहत होते आणि मला त्याचा कधी अडथळा वाटला, कधी कौतुक वाटलं, पण तो प्रश्न आहे असं वाटलं नाही.

साधनांचंही तसंच. माँटेसरीची लाकडी साधनं महाग. कोसबाडला आणि बोर्डीला मणी, गारगोट्या, बिया, पानं, शिंपले यांवर काम झालं. आपल्याकडे दर वर्षी खेळण्यांच्या किटसाठी देणगी मागतात. मागू नये असं मी म्हणत नाही. पण मुरबाडच्या एका पाड्यावर ते किट कपाटात कुलूपबंद पाहिलं मी, हरवेल या भीतीने, आणि बाहेर पोरं चिंचोक्यांनी मोजत होती.

आता थोडं आपल्या घरातलं बोलते, म्हणजे मंडळीतलं. पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा ते शिक्षण बरोबर आणलं. म्हणजे बालशिक्षणाचा हा वारसा आपल्यालाही परका नाही. पण आपल्याकडे दुसरीही एक सवय आहे, प्रश्नोत्तरीची. शब्बाथशाळेत आपण सगळे त्यातून गेलो. प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेलं. मुलाने दोन्ही पाठ करायचं. श्रद्धेच्या मूळ गोष्टी पुढच्या पिढीला देण्यासाठी ती पद्धत आली, तिचा मान आहे. मात्र तीच सवय घेऊन आपण बालवाडीत शिरतो आणि मुलाचा प्रश्नसुद्धा आपणच छापून ठेवतो.

डिप्लोमाच्या वर्गात आम्हांला शास्त्रातला उतारा कसा वाचायचा ते शिकवलं. कोण बोलतो आहे, कोणाला, कुठे, का, आधी काय झालं. एका वचनाला दहा प्रश्न. मला ते फार आवडायचं. मग कामावर रुजू झाले आणि मुलांकडून वचनं पाठ करून घ्यायला लागले. स्वतःसाठी एक शिक्षण आणि कातकऱ्याच्या पोरासाठी दुसरं, हे मला बरीच वर्षं खटकलंच नाही.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूच्या बालपणाचा एकच प्रसंग आहे, तुम्हांला माहीत आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आहे. काय करतो आहे? ऐकतो आहे आणि त्यांना प्रश्न विचारतो आहे. त्या गुरुजनांनी त्याला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुढे मोठेपणीही लोकांनी काही विचारलं की तो किती वेळा उलट प्रश्नच करतो, ते एकदा मार्क वाचताना मोजून बघा.

बरं, हे करायचं कसं? पद्धतीचं मी फार सांगणार नाही, दुपारच्या सत्रात त्यावर काम होणारच आहे. एकच उदाहरण देते, मुरबाडकडच्या पाड्यावरचं. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आसपास, रानात शेवळं येतात. कल्याणच्या बाजारात आपल्या बायका जुड्या घेऊन बसतात तीच. बालवाडीत एक मुलगी शेवळाची जुडी घेऊन आली आणि म्हणाली, हे नुसतं खाल्लं की घसा खाजतो, आजी काकड टाकते मग नाही खाजत, का? सेविकाताईंनी आजीलाच बालवाडीत बोलावलं. आजीने काकडाची आंबट फळं दाखवली, शेवळं निवडून दाखवली, कुठला भाग टाकायचा ते दाखवलं. मुलांनी पुढचा आठवडाभर रानातून पानं, फळं आणून हे खाजतं का, ते आंबट का, हे चालवलं. चाखायचं मात्र आजीला विचारूनच, हा नियम ताईंनी पहिल्याच दिवशी घातला. कुतूहल म्हणजे मूल मोकाट सोडणं नव्हे. उलट यात सेविकेचं काम वाढतं. तिला लक्ष ठेवावं लागतं, ऐकावं लागतं, आणि मला माहीत नाही असं म्हणता यावं लागतं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, निदान मला तरी.

तीन वर्षांचं मूल प्रश्न नुसता तोंडाने विचारत नाही, हातानेही विचारतं. एका वाटीतलं पाणी दुसरीत ओततं, सांडतं, पुन्हा ओततं. तो प्रश्नच आहे. आपण तिथे "सांडू नकोस" म्हणून तो बंद करतो. आणि भाषा. मूल कातकरी बोलीत, ठाकरी बोलीत, वारलीत काही विचारतं आणि आपण आधी त्याचा शब्द दुरुस्त करतो. शब्द दुरुस्त होतो आणि मूल काय विचारत होतं ते विसरतं. आधी प्रश्न घ्या, तोही त्याच्याच बोलीत. पुस्तकातली मराठी येईल मागाहून, ती काही पळून जात नाही.

आता पालकांचं. मागच्या महिन्यात एक आई मला म्हणाली, "मॅडम, पोरं विटा पाण्यात टाकतात, ते भट्टीवर पण टाकतील. तुम्ही एबीसीडी शिकवा. मी डोंबिवलीला धुणीभांडी केली, तिथली तीन वर्षांची पोरं इंग्लिश बोलतात." या बाईला अडाणी म्हणून सोडून देऊ नका. तिने डोंबिवलीत काय पाहिलं ते मीही रोज पाहते. माझ्याच इमारतीत साडेतीन वर्षांचं मूल रात्री आठ वाजता ठिपके जोडून अक्षरं गिरवत रडत असतं आणि त्याच्या आईला वाटतं की मूल मागे पडेल. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आणि तिथे खेळातून, शोधातून शिकवा असं स्पष्ट म्हटलं. पण धोरण दिल्लीत असतं आणि गृहपाठ डोंबिवलीत.

त्या आईची भीती खरी आहे. तिचं पोर पहिलीत जाईल तेव्हा तिथे कोणी विटा पाण्यात टाकणार नाही, अक्षर येतं का ते विचारतील. म्हणून अक्षरं शिकवायचीच. फक्त 'व' विटेचा, 'भ' भट्टीचा, 'क' काकडाचा असा, मुलांनी विचारलेल्या शब्दांतून. आणि आईला बोलावून दाखवा. ती आजी आली तशी आईही येऊ द्या. तिला घमेल्यासमोर बसवून विचारा, कोणती वीट विरघळेल? तिला माहीत असतं. बालवाडीत तिला काही माहीत आहे असं तिला आजवर कोणी म्हटलेलं नसतं.

एक मर्यादाही सांगते, कारण इथे समितीपुढे खोटी आशा दाखवायची नाही. उपाशी मूल प्रश्न विचारत नाही. खरूज झालेलं मूल खाजवत बसतं. अनुताईंच्या बालवाड्यांत आंघोळ, केस, नखं, खाऊ हे आधी होतं, ते उगीच नव्हतं. आपल्या खाऊच्या रकमेत कपात सुचवली गेली आहे ती मागे घ्यावी, अशी माझी लेखी विनंती समितीकडे आहेच. आणि स्थलांतर. गावाकडच्या बालवाडीत रुजलेलं मूल दिवाळीनंतर भट्टीवर जातं आणि सगळं तुटतं. विधायक संसदेने वसई भागात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या त्या याचसाठी. आपल्या दोन्ही ठिकाणच्या सेविका एकमेकींना फोन करून मूल कुठे पोचलं ते सांगतील, एवढं तरी आपण या वर्षी करू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत.

आता मला जे सर्वांत जास्त टोचतं ते बोलते. भट्टीवर हिशेब कसा होतो तुम्हांला माहीत आहे. हंगामभर आठवड्याला खर्ची मिळते, बयाणा आधीच घेतलेला असतो, थापलेल्या विटा हजारावर मोजतात, फुटलेल्या वजा होतात, आणि शेवटी मुकादम एक आकडा सांगतो. बहुतेक वेळा आकडा असा असतो की पुढच्या वर्षी पुन्हा यावंच लागतं. मी एका बापाला विचारलं, तुम्ही हिशेब मागत का नाही? तो म्हणाला, "शेटला विचारायचं नसतं." रागाने नाही म्हणाला. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला.

१९४५ च्या मे महिन्यात, बोर्डीपासून फार लांब नसलेल्या झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि जमीनदाराची फुकट वेठ का करायची, हे त्यांनी उघड विचारलं. गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या. त्या लाल बावट्याच्या, आपल्या वाटेच्या नव्हत्या, पण त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रत्येक सेविकेने वाचावं असं मला वाटतं. त्या लोकांना विचारण्याची किंमत मोजावी लागली, लाठ्या-गोळ्या खाव्या लागल्या. बालवाडीत प्रश्न विचारलेलं मूल मोठेपणी मुकादमाला हिशेब विचारेलच, असं मी म्हणू शकत नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र "विचारायचं नसतं" हे कुठेतरी शिकवलं जातं, आणि एका हंगामात ते मी शिकवलं आहे.

समितीला तीन गोष्टी मागते. पाळकसाहेब, कृपा करून रागावू नका. पहिली, या नाताळात पाहुण्यांसमोर बालवाडीच्या मुलांना उभं करून गाणी-वचनं म्हणवून घेऊ नयेत. पाहुण्यांनी जरूर यावं, गोणपाटावर बसावं आणि मुलं जे करत असतील ते बघावं. मुलांनी आपणहून गाणं म्हटलं तर आनंदच आहे. दुसरी, मासिक अहवालाच्या नमुन्यात पटसंख्या, हजेरी, किती मुलांना मुळाक्षरं येतात असे रकाने आहेत. त्यात एक पान जोडावं, 'या महिन्यात मुलांनी विचारलेले प्रश्न'. सेविकेने उत्तर लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा, मुलाच्या बोलीत. तिसरी, आपल्या या त्रैमासिकात दर अंकात त्यांतले काही छापावेत. देणगीदारांना हात जोडलेल्या मुलांचे फोटो आपण पुष्कळ दाखवले.

माझ्याकडे तीन बालवाड्यांची अशी रजिस्टरं आहेत, सेविकांनी स्वतःहून सुरू केलेली. त्यांतले थोडे वाचते आणि थांबते.

खेकडा आडवा का चालतो? पाऊस पडला की मातीला वास का येतो? कोंबडीला दात नाहीत, मग ती तांदूळ कशाने चावते? ट्रेन कसाऱ्याला जाते, ती आमच्या पाड्यावर का येत नाही? आई रडते तेव्हा नाकातून पाणी का येतं? धूर वर जातो, राख खाली का पडते? मुकादम काकांना कोण ओरडतं?

कोंबडीचं उत्तर शहापूरच्या ताईंनी काढलं आहे, कापलेल्या कोंबडीच्या पोटातली खडे भरलेली पिशवी मुलांना दाखवून. बाकीच्यांवर काम चालू आहे. रजिस्टरं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. चहाच्या वेळेत बघा, आणि तुमच्या बालवाडीतला एखादा आठवला तर शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पेन तिथेच दोऱ्याने बांधलेलं आहे.